ब्रिटनच्या भूमीवरची शेवटची लढाई कोणती धरायची?

प्रश्न : सर, मी तेल्हारा तालुक्यातल्या एका खेड्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ब्रिटनच्या भूमीवरची शेवटची लढाई एका पुस्तकात सेजमूर (1685) दिली आहे, दुसऱ्यात कलोडन (1746). मैत्रीण म्हणते 1940. काय धरू?

उत्तर : बेटा, कलोडन धर. सेजमूर इंग्लंडातलं, सॉमरसेटमधलं. ब्रिटन म्हटलं की स्कॉटलंडही आलं, आणि कलोडन तिथं इन्व्हर्नेसजवळ आहे. 16 एप्रिल 1746 ला ब्रिटनच्या गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगणाऱ्या चार्ल्स स्टुअर्टची फौज आणि सरकारी फौज समोरासमोर आली अन् तासाभराच्या आत निकाल लागला.

लढाई कशाला म्हणायचं ते तर तुझ्या तालुक्यातच पाहायला मिळतं. अडगावला 29 नोव्हेंबर 1803 ला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभी होती. शिरसोलीपाशी भोसल्यांच्या तोफा धडाडल्या तशा वेलस्लीच्या पलटणी पाठ फिरवून पळाल्या. त्यानं स्वतः पुढं होऊन त्यांना परत रांगेत उभं केलं. दोन फौजा, दोन सेनापती आणि मांडून घेतलेलं मैदान, याला लढाई म्हणावं.

1940 चं म्हणशील, तर 27 सप्टेंबरला केंटमधल्या ग्रेव्हनीच्या दलदलीत एक जर्मन बॉम्बर पाडला गेला. आतल्या चौघांची लंडन आयरिश रायफल्सच्या जवानांशी गोळागोळी झाली आणि ते पकडले गेले. कुणी मेलं नाही. ती चकमक.

त्याच केंटमध्ये 31 मे 1838 ला बॉसेंडनच्या जंगलात जे झालं, त्यालाही काही जण इंग्लंडातली शेवटची लढाई म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. नव्या गरीब-कायद्यामुळं वर्कहाऊसची, म्हणजे गरिबांना कोंडून काम करून घेणाऱ्या आश्रयघरांची, धास्ती घेतलेले शेतमजूर, स्वतःला तारणहार म्हणवणाऱ्या जॉन टॉमच्या मागं लागलेले. बहुतेकांच्या हातात नुसत्या काठ्या. टॉमनं एका लष्करी अधिकाऱ्याला गोळी घातली हे खरं, पण पुढं 45 व्या पलटणीच्या बंदुका चालल्या त्या या मजुरांवर. त्याला लढाई म्हटलं की रोजीनं राबणारी माणसं शत्रूची फौज ठरतात. 1942 च्या चिमूर-आष्टीला आपण लढाई म्हणत नाही, उठाव म्हणतो. तोच न्याय त्या मजुरांनाही मिळायला हवा.

पेपरात मात्र प्रश्न नीट वाचशील. ‘इंग्लंड’ छापलं असेल तर सहसा सेजमूरच अपेक्षित असतं.