गाडी वेशीबाहेर ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला तक्ता, दोन्ही वाचले. मार्गशीर्षाच्या अखेरीस आठ दिवसांची रजा, तिघे मित्र, वडिलांची गाडी आणि नाणेघाटापासून जुन्नर, अहिल्यानगर, पैठण असे करत तेरपर्यंतचा मार्ग, हा बेत मला मनापासून आवडला. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल ज्या वाटेने देशावर चढत असे, तीच वाट धरावी असे तुला सुचले, याचे कौतुक वाटते. पत्राचा उत्तरार्ध वाचून मात्र मी चिडलो. एक मित्र म्हणतो की हा मार्ग पायीच पाहावा, दुसरा म्हणतो की चालायचेच असते तर आषाढात वारीला गेलो असतो, आणि तू दोघांच्या मध्ये अडकून मला विचारतोस की गाडीने केलेला प्रवास खोटा ठरेल का. शिवाय तक्त्यात प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटे लिहिली आहेस. तेरपुढे पंचेचाळीस!

आधी तुमचा वाद निकालात काढतो. गाडी न्या. जुन्नरपासून तेरपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर अंतर आहे आणि ते आठ दिवसांत पायी होत नाही. हमरस्त्याच्या कडेने ट्रकांचा धूर खात चालण्यात कसली तपश्चर्या आहे, हे मला कधी कळलेले नाही. प्रवास वाया जातो तो गाडी थेट देवळाच्या, लेण्याच्या किंवा किल्ल्याच्या दारात नेऊन उभी केल्यामुळे. वाहनतळापासून तिकीट खिडकीपर्यंतची शंभर पावले चालून माणूस परत फिरतो आणि गाव पाहिले म्हणून सांगतो. म्हणून माझे एकच सांगणे आहे: गाडी वेशीबाहेर ठेव. गाव दिसू लागले, रस्त्याला पहिला गोठा लागला, की तिथेच थांब आणि उरलेला अर्धा-पाऊण कोस पायी चाल. तक्त्यातले काय गाळायचे आणि काय ठेवायचे, ते मग आपोआप ठरेल.

नाणेघाटाचेच पाहा. जुन्नरहून घाटघरमार्गे आता गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे येणारी बहुतेक मंडळी दगडी रांजणाजवळ छायाचित्र काढून, कड्यावरून खाली डोकावून परततात. हा रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे मानतात. पण जकातीचे नाके नेमके इथेच का, हे वरून आलेल्याला उमगत नाही. त्यासाठी कोकणातून, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून चढावे लागते. दोन-तीन तासांची चढण आहे. आधी रान, मग दगडगोटे आणि शेवटी दोन कड्यांमधल्या घळीत फरसबंदीच्या पायऱ्या. धापा टाकत तिथे पोहोचलास की ओझ्याच्या जनावरांना या चिंचोळ्या घळीतून निसटायला दुसरी वाटच नव्हती, हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. तिथल्या गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची मोजदाद असून ती आकड्यांत कोरलेली असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतींचा मान मोठा आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली काही पावलांचे अवशेष एवढेच उरले आहे. (माझ्या बाजूने साक्ष द्यायला पावलेच तेवढी राहिली, असे मी गमतीने अनेकांना ऐकवले आहे.)

जुन्नरविषयी फार लिहीत नाही. शिवनेरी तुम्ही पाहणारच, आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या आजवर कोणाला चुकलेल्या नाहीत. वाटेत सोमवार येत असेल तर बेल्ह्याचा बैलबाजार पाहा. अहिल्यानगरला मात्र माझे ऐक. गर्दीचे शहर आहे म्हणून गाडी थेट भुईकोट किल्ल्यापाशी नेऊ नकोस. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराची माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत. वेशीतून पायी आत शिर, कापडबाजारातून जा, आणि १९४२ मध्ये नेहरू व त्यांच्या सहकाऱ्यांना ज्या किल्ल्यात स्थानबद्ध केले होते तिथे चालत पोहोच. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ असू दे.

पुढे पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि तो वापरायचा नाही. मी एकदा पायथ्याशी उतरून चालू लागलो, तेव्हा बरोबरची मंडळी गाडीने वर जाऊन, पाहून, कंटाळून माझी वाट पाहत बसली आणि परतीच्या वाटेत माझ्याशी कोणी बोलले नाही. त्यांच्यापैकी काहींनी पुढे मला सहलीला बोलावणेच सोडले. घरचेही मला हेकेखोर म्हणतात. असेन. पण चढताना वळणागणिक खालची रब्बीची ज्वारी, रस्ते आणि शहर कसे उलगडत जाते, आणि एवढ्या एका डोंगरावरून चारी दिशांवर नजर कशी ठेवता येते, हे त्या मंडळींपैकी एकालाही सांगता येणार नाही. मी बरोबर होतो, असे मला आजही वाटते.

हा हेका मला कशामुळे लागला, तेही सांगतो. नोकरी पाटबंधारे खात्यातली, त्यामुळे पैठणला वर्षानुवर्षे जाणे होते. जीप थेट जायकवाडीच्या भिंतीवर, तिथून विश्रामगृहात आणि तिथून परत. हिवाळ्यात नाथसागरावर उतरणारे रोहित पक्षी मी पाहिले ते जीपच्या काचेतून. धरणाची पातळी तोंडपाठ असायची. पण ज्या नगरीतून सातवाहनांनी राज्य केले, तिचे टेकाड चढून, गल्ल्यांतून नाथांच्या वाड्यापर्यंत चालत गेलो तो निवृत्तीनंतर. तोपर्यंत, पैठणीच्या पदरावरचा मोर धाग्याधाग्याने भरणारे जे विणकर जाता-येता ओटीवर दिसत, ते गेले होते. त्यांच्या मागाशेजारी तासभर बसायचे राहिले, ते राहिलेच. वेळ नाही, असे मी तेव्हा म्हणत असे. तुझ्या तक्त्यातली मिनिटे वाचताना मला तेच वाक्य ऐकू आले, आणि म्हणून हे पत्र जरा रागाने लिहिले जात आहे.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे नोंदवले आहे. ते तगर म्हणजे आजचे तेर. गेवराई, बीड, येरमाळा, येडशी असे करत तुम्ही तिथे एका दिवसात पोहोचाल. हा टप्पा उजेडीच संपवा. दिवस गळिताचे आहेत. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि टायरच्या बैलगाड्यांची रांग अंधारात एकदम पुढ्यात येते. याच दिवसांत ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी साखर कारखान्यांकडे गेल्याने बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे निम्मी रिकामी असतात. अशा एखाद्या गावाबाहेर गाडी ठेवून आत गेलास तर पारावर म्हातारी माणसे भेटतील. त्यांच्याशी बोल, कॅमेरा गाडीतच ठेव.

तेरला त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे, ते मूळचे गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या आकाराचे, बौद्ध चैत्यगृह मानतात. गोरोबाकाकांची समाधी आहे. लामतुरे संग्रहालय आहे; तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळाली, हे लक्षात ठेवून आत जा. पण त्याआधी आणि त्यानंतर गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवरून हिंड, कारण संग्रहालयातले बरेचसे त्यांच्याच पोटातून आले आहे. यासाठी पंचेचाळीस मिनिटे पुरतात असे तुला खरोखर वाटते का?

आणि रजेची तारीख अशी घे की तेरच्या आसपास वेळा अमावस्या सापडेल. धाराशिव आणि लातूरकडे त्या दिवशी गावे ओस पडतात आणि सगळी वस्ती शेतात असते. कडब्याची कोप, तिच्यात पूजा, मग भज्जी, उंडे आणि आंबील. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. ही हाक बांधावरून जाणाऱ्याला मारतात. काचा वर करून हमरस्त्याने जाणाऱ्याला ती कशी ऐकू येणार? तेव्हा निदान त्या दिवशी तरी गाडी वेशीबाहेर राहू दे.

एक व्यावहारिक अडचण उरते. वैशाखऱ्याहून तिघेही घाट चढलात तर गाडी वर कोण आणणार? चिठ्ठ्या टाका. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने माळशेजमार्गे वळसा घालून गाडी घाटघरपर्यंत आणावी, गावाबाहेर ठेवावी, तिथून घाटमाथ्यापर्यंत चालत यावे आणि घळीत उतरून गुहेपाशी बाकीच्या दोघांची वाट पाहावी. भाकऱ्या त्याच्याजवळ द्या, पाणी चढणाऱ्यांनी घ्यावे. सुधारलेला तक्ता मला पाठव, आणि त्यात मिनिटांचा रकाना ठेवू नकोस.

कळावे.