ब्लूमरचे गोल "सोपे" होते का?

एकाने विचारलंय की इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू स्टीव्ह ब्लूमर याचे 352 लीग गोल कितपत मानायचे, 1900 च्या सुमाराला डिफेन्स असा काही नव्हताच, कोणीही उठावं आणि गोल मारावा. अहो, उलट आहे! 1925 पर्यंत ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा कडक होता, पुढे पास घ्यायचा तर तुमच्या आणि गोललाइनच्या मध्ये समोरच्या टीमचे दोन नाही, तीन प्लेअर लागायचे, गोलकीपर धरून. एखादा हुशार फुलबॅक (मागे राहून बचाव करणारा) चार पावलं पुढे सरकला की अख्खी फॉरवर्ड लाइन ऑफसाइड. त्यात तो चामड्याचा बॉल, पावसात भिजला की नुसता धोंडा.

आणि गडी बघाल तर किरकोळ, चेहरा पांढराफटक. जन्म 1874 चा, क्रॅडली हीथचा, पण लहानपणीच घरचे डर्बीला आले आणि 1892 पासून हा डर्बी काउंटी क्लबकडून खेळायला लागला. त्याची खासियत म्हणजे पाय मागे नेऊन ताकद लावत बसायचं नाही, बॉल जसा येईल तसा थेट जमिनीलगत मारायचा, कीपरला कळेपर्यंत आत. इंग्लंडसाठी 23 मॅचमध्ये 28 गोल, त्यात पहिल्या दहाच्या दहा मॅचमध्ये गोल आहे, 1896 मध्ये वेल्सला एकट्याने पाच मारले. समोर फक्त स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड असायचे हे मान्य, पण तेव्हाचं स्कॉटलंड म्हणजे काय चीज होती ते जरा वाचा.

एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली क्लबांची बाद फेरीची स्पर्धा, मात्र नशिबात नव्हता. 1898 च्या फायनलला डर्बीचा एकमेव गोल याचाच, तरी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 3-1 ने हरले, पुढच्या वर्षीही फायनल हरले.

1906 मध्ये पैशाची ओढाताण म्हणून डर्बीने त्याला 750 पौंडांना मिडल्सब्रो क्लबला विकलं आणि पुढच्याच सीझनला स्वतः सेकंड डिव्हिजनमध्ये गेले (बरं झालं, असं मला मनापासून वाटतं). 1910 ला 36 वर्षांच्या याच माणसाला परत आणलं, 1912 ला सेकंड डिव्हिजन जिंकून वर आले.

पण मला खरं आश्चर्य गोलांचं नाही वाटत, त्याच्या पुढचं वाटतं. 1901 पासून आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड पगार हा नियमच होता, तुम्ही ब्लूमर असा नाहीतर कोणीही, त्यामुळे चाळिशीला खेळ थांबला म्हणून घरी बसायची सोय नाही. कोचिंगचं काम मिळालं ते बर्लिनला, ब्रिटानिया बर्लिन क्लबमध्ये. तारीख काय? जुलै 1914! महिन्याभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश, म्हणजे शत्रूदेशाचा, म्हणून त्याला बर्लिनजवळच्या रुहलेबेनच्या कैद्यांच्या कॅम्पात टाकलं. हे मूळचं घोड्यांच्या रेसचं मैदान, माणसं ठेवलेली तबेल्यांत. तिथे फ्रेड पेंटलंड, जॉन कॅमेरॉन असे इंग्लंड-स्कॉटलंडकडून खेळलेले लोकही अडकलेले, मग काय, आतच फुटबॉलच्या स्पर्धा सुरू, आणि ब्लूमर फुटबॉल तर खेळलाच, क्रिकेटही खेळला. 1918 मध्ये सुटला.

नंतर स्पेनमध्ये इरूनच्या रेआल उनियोनचा कोच झाला आणि 1924 ला त्यांनी फायनलमध्ये रेआल माद्रिदला 1-0 हरवून स्पेनचा कप नेला. इंग्लंडमध्ये न मिळालेला कप तिकडे मिळाला. डर्बीने एफए कप जिंकला तो 1946 ला, ब्लूमर जाऊन आठ वर्षं झाली होती.