काढणीनंतरची बुरशी: जिवाणू वापरायला लागताना

काढलेल्या फळं-भाज्यांवरची बुरशी रोखायला तुम्ही बॅसिलस सबटिलिस हा उपयोगी जिवाणू निवडलात ते उत्तम. त्याचे बीजाणू (सुप्त, कठीण कवचाची अवस्था) टिकाऊ असतात. पण हे जिवाणू बुरशीला आधी रोखतात, लागलेली सड बरी करत नाहीत. बुरशी बहुधा जखमेतून शिरते. तिथे जिवाणू आधी पोचायला हवेत, म्हणून काढणीच्या दिवशीच माल या जिवाणूंच्या द्रावणात बुडवा.

- सडलेला, खोल जखमेचा माल आधीच वेगळा काढा.
- क्लोरीनच्या पाण्याने धुतला असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. क्लोरीन आपले जिवाणूही मारू शकतं, आणि मग लोक औषधालाच दोष देतात.
- काढणीनंतरच्या वापराला परवानगी असलेलंच उत्पादन, मात्रा लेबलवरचीच.

ओला माल पेटीत भरल्याने मोठं नुकसान होतं. वरचं पाणी पूर्ण सुकू द्या, मगच थंडाव्यात ठेवा. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नका.