बंदुकीचे स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतात

प्रश्न : आमच्याकडे शेती संरक्षण परवान्यावरची दुनळी बाराबोर आहे. चापामागच्या वरच्या पट्टीतला स्क्रू आणि चापाच्या कडीचे स्क्रू वरचेवर सैल होतात. थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे चिकटवून धरणारा द्रव) लावला तर चालेल का? – एक बागायतदार, सिंधुदुर्ग

उत्तर : चालेल, पण सगळ्या स्क्रूंना नाही. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

वरच्या पट्टीतला स्क्रू दस्त्याच्या लाकडातून आरपार जाऊन चापाच्या खालच्या पट्टीत बसतो, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकूड दाबलेलं असतं. कोकणात पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि स्क्रू सैल पडतो. मग जोर लावून आवळला की लाकूड चेपतं, खालची पट्टी वर सरकते आणि तिच्यासोबत चापही. चाप आणि घोडा (बार उडवणारा आतला हातोडा) अडवून धरणारा खटका यांच्यात केसभर फट राहायलाच हवी. ती गेली तर घोडा नीट अडकत नाही आणि बंदूक बंद करतानाच बार उडण्याचा धोका असतो. म्हणून स्क्रू आवळल्यावर रिकामी बंदूक उघडून बंद करा, सेफ्टी काढा आणि दोन्ही चाप बोटाने अलगद हलवून पाहा. किंचित मोकळेपणा जाणवला पाहिजे. नसेल तर स्क्रू थोडा सोडा. तरीही फरक पडला नाही, तर ती बंदूक वापरू नका.

चांगल्या बांधणीच्या दुनळीत स्क्रूची खाच नळीच्या रेषेत आणून ठेवलेली असते. आवळताना खाच त्या रेषेच्या पुढे जात असेल, तर लाकूड दबलंय किंवा आटे झिजलेत असं समजा.

पेचकसाचं तेवढंच महत्त्व आहे. दुकानातल्या साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे ते खाचेच्या फक्त वरच्या कडांवर टेकतं, निसटतं आणि कडा चेपून टाकतं. पातं कानशीने घासून त्याच्या दोन्ही बाजू समांतर करा. ते खाचेच्या तळापर्यंत आणि पूर्ण लांबीत बसलं पाहिजे.

आता थ्रेडलॉकर. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की तो धरतो, लाकडात मात्र त्याचा उपयोग नाही. स्क्रूचे आणि भोकाचे आटे अ‍ॅसिटोनने पुसून कोरडे करा, कारण तेलाचा अंश राहिला तर पकड येत नाही. अ‍ॅसिटोन दस्त्याच्या पॉलिशवर सांडू देऊ नका. निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एकच बारीक थेंब पुरे, जास्त झाला तर ओघळून खटक्यात जातो. अगदी बारीक स्क्रूला जांभळा लावा. पूर्ण पकडायला 24 तास द्या. लाल मात्र कधीच नको. तो सोडवायला सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि त्यात लाकूड जळतं.

कडीचं मागचं टोक लाकडात बसणाऱ्या स्क्रूने धरलेलं असतं. तिथलं भोक मोठं झालं असेल तर सागाची बारीक काडी लाकडाच्या डिंकात बुडवून ठोका, एक दिवस वाळू द्या, मग बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू बसवा. जाड स्क्रू घेतला तर त्याचं डोकं कडीत बसत नाही. लाकूड तेलाने काळं पडलं असेल तर डिंकही धरणार नाही. म्हणून तेल दिल्यावर बंदूक काही तास नळी खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल दस्त्यात उतरत नाही.

प्रश्न : सगळे स्क्रू घट्ट आहेत, तरी दस्ता डगमगतो. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काही बंदुकांत दस्त्याच्या आतून लांब बोल्ट जातो. खांद्याकडची पट्टी काढल्यावर तो दिसतो, तो आवळा. बोल्ट नसेल तर लाकूड जिथे लोखंडाला भिडतं तिथे टॉर्चच्या उजेडात बारीक चीर शोधा. चीर दिसली तर बार काढू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या, सोबत तुमचा परवाना न्या.