बॅटरी उतरली की खरंच गेली?

प्रश्न : आमची पेट्रोल कार डिचोलीला घरीच असते. मिस्टर बोटीवर, त्यामुळे गाडी आठवडेच्या आठवडे उभी. परवा म्हापशाला जायला काढली तर सेल्फ मारल्यावर नुसतं टक टक, दिवेपण मंद. मेकॅनिकने मीटर लावला, ११.९ व्होल्ट आलं, म्हणाला बॅटरी गेली, नवीन घाला. अजून तीन वर्षं पण झाली नाहीत हो. चतुर्थी तोंडावर आलीय, घालून टाकू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, इतक्यात पैसे घालवू नका. ११.९ म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी आहे एवढंच, ती खराब झालीय की नाही ते त्या आकड्यावरून कळतच नाही. उभ्या गाडीतसुद्धा घड्याळ, अलार्म थोडा थोडा करंट खात राहतात, मग इतके आठवडे उभी राहिल्यावर उतरणारच ना. पण रिकामी तशीच ठेवली तर आतल्या प्लेटींवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरंच जाते, म्हणून आजच काढून चार्जिंगला द्या. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने जंप स्टार्ट करून बाजारापर्यंत फेरी मारली तर ती भरत नाही, बॅटरीवाल्याकडे रात्रभर हळू चार्ज करून घ्या.

चार्जर काढल्यावर काही तास तशीच राहू दे, लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. त्यानंतर १२.६ च्या आसपास टिकली तर बरं. तरीही लोड टेस्ट मागाच, नुसत्या व्होल्टेजवर समाधान मानू नका कारण म्हातारी बॅटरीसुद्धा १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताना बसते. या टेस्टमध्ये बॅटरीवर लिहिलेल्या सीसीएच्या (कडक थंडीत गाडी सुरू करायला बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) निम्मा लोड १५ सेकंद देतात, व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बदला. फुल चार्जनंतरही १०.५ लाच अडकली असेल तर बहुतेक बॅटरीतला एक सेल (कप्पा) गेलाय, आणि डबा फुगला असेल तर टेस्टची वाटच बघू नका.

बसवताना टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवून पुसून घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत ती लवकर धरते, आणि क्लॅम्प घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. मग इंजिन चालू ठेवून मोजा, साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. १२.५ वगैरेच येत असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा बेल्ट बघायला सांगा, नाहीतर नवीन बॅटरीपण उतरेल.

आणि ताई, टेस्टमध्ये नापास झाली तरी आधी वॉरंटी कार्ड शोधा! तीन वर्षांच्या आतली आहे, कदाचित बदलून मिळेल, निदान किंमत तरी कमी होईल. वॉरंटी संपली असली तरी जुनी बॅटरी फुकट सोडू नका, आत शिसं असतं, नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये पैसे वजा करून घ्या.