नवे चॅनल घेण्याआधी ड्रॉवर बाहेर काढ

अवजारांची ड्रॉवरवाली जुनी पेटी चांगली मिळाली आहे तुला, पत्रा जाड आहे. ड्रॉवर अडकतात म्हणून नवे चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या दोन बाजूंच्या पट्ट्या, घ्यायला लगेच दुकानात धावू नकोस. दोष बहुतेक वेळा वाळून चिकट झालेल्या ग्रीसचा आणि त्यात बसलेल्या लोखंडी किसाचा असतो. ड्रॉवर काढ, चॅनल रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घास, पूर्ण कोरडे होऊ दे, मग पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात दे. जास्त लावलंस तर पुन्हा कीस चिकटेल.

चॅनलमधले छर्रे (छोट्या गोळ्या) गळाले असतील किंवा त्यांना धरून ठेवणारी जाळी वाकली असेल, तर मात्र जोडीच बदल. एकच बाजू बदलली की ड्रॉवर तिरका चालतो, हे मी स्वतः करून फसलोय. चॅनल बंद ठेवून लांबी मोज. बाजारातले नेहमीचे चॅनल ४५ मिमी उंच आणि साधारण १२.७ मिमी जाड असतात, म्हणून ड्रॉवर आणि पेटी यांमधली दोन्ही बाजूंची फटही मोजून जा. जुने रिव्हेट ड्रिलने उडवून ४ मिमीचे बोल्ट लावता येतात, पण डोकं चपटंच घे, नाहीतर आतली पट्टी त्यावर घासते. जड पाने (स्पॅनर) खालच्या ड्रॉवरमध्ये ठेव.