कर्ज काढून साउंड सिस्टीम घ्यावी का?

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी नाशिकला, सातपूरच्या एका कंपनीत नोकरी करतो. वय 51. हातात पगार 72 हजार, घरखर्च 45 हजार, एफडी 4 लाखांची. मुलगी बारावीला आहे. जुनं शास्त्रीय गाणं हा माझा जीव. साडेचार लाखांची साउंड सिस्टीम पसंत केली आहे. 2 लाख एफडी मोडून आणि अडीच लाख पर्सनल लोन, 14 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. दुकानातली ऑफर रविवारी संपते. घरी अजून बोललो नाही. घेऊ का?

उत्तर: नमस्कार. आत्ता घेऊ नका.

लोनचा हप्ता साधारण 8,544 रुपये बसेल, म्हणजे तीन वर्षांत नुसतं व्याजच 57 हजारांच्या वर. हप्ता तुम्हाला झेपेल, त्याची मला काळजी नाही. काळजी उरलेल्या 2 लाखांची आहे. हप्ता धरून घरखर्च साडेत्रेपन्न हजार झाला, की ते पैसे चार महिनेही पुरत नाहीत. त्यात येत्या जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी. शिवाय मुदतीआधी एफडी मोडली की व्याज कापलं जातं, आणि गरज पडून सिस्टीम विकायला काढली तर निम्मी किंमत मिळवतानाही घासाघीस करावी लागेल.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला या आकड्यांपेक्षा जास्त लागलं. ‘आठ महिने रोज रात्री स्पीकरची माहिती वाचतो, एक राग सलग ऐकून किती दिवस झाले आठवत नाही.’ तुम्ही अब्दुल करीम खाँसाहेबांचे चाहते. किराणा घराण्याचे हे गायक 1937 साली गेले. त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत आलं ते 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्या काळच्या यंत्राने जे टिपलंच नाही, ते साडेचार लाखांचं यंत्र कुठून आणणार? खरखर मात्र जास्त स्पष्ट ऐकू येईल. त्यात पन्नाशीत आपल्या कानांची वरच्या पट्टीची ऐकण्याची ताकद उतरलेली असते, माझीही.

आमच्या वाड्यात वडिलांचा टेपरेकॉर्डर होता. कॅसेटचं दार बसत नसे, म्हणून त्याला रबरबँड लावलेलं. जेवणं झाली की ते दिवा मालवून भिंतीला टेकून बसत आणि कॅसेट संपेपर्यंत घरात कुणी बोलत नसे. गाणं कसं ऐकायचं हे मी तिथे शिकलो.

तुमचे आत्ताचे स्पीकर चांगले चालतात आणि शोकेसच्या कप्प्यात ठेवलेत, असं तुम्हीच लिहिलंय. आधी ते बाहेर काढा. स्टँडवर, बसल्यावर कान येतील त्या उंचीला, भिंतीपासून हात-दीड हात पुढे ठेवा. समोर जाड सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. सगळं मिळून आठ-दहा हजारांत होईल आणि फरक पहिल्याच दिवशी कळेल. तुम्ही पाठवलेल्या सिस्टीमच्या यादीतली 22 हजारांची केबल तर पूर्ण खोडा. दहा फुटांच्या अंतराला चांगली जाड तांब्याची वायर पुरते.

मग दरमहा 5 हजारांची आरडी सुरू करा, फक्त गाण्यासाठी. शिवाय पगारातून उरतं त्यातून कालिदास कलामंदिरातल्या मैफलींची तिकिटं काढा, तुमचं आणि पत्नीचं. दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेच्या मैफलीला जा. समोर बसून तानपुरा ऐकलात की घरच्या स्पीकरकडून काय हवंय तेही नेमकं कळेल. दीड-दोन वर्षांनी, मुलीची पहिली फी भरून झाल्यावरही सिस्टीम हवीशी वाटली, तर त्या आरडीतून लाखभराची घ्या. तेव्हा मी आडवा येणार नाही.

ऑफर रविवारी संपू द्या. अशा ऑफर पुन्हा येतात. शनिवारी मात्र पत्नीला साडेचार लाखांचा आकडा सांगा, लोनसकट. ती एफडी दोघांच्या नावावर आहे.